‘सवारी’च्या शेवटच्या अंकाची एक प्रत मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रवासी सुविधा अधिकारी
(श्री. अंबरीश वाकणकर साहेब),
शहर बस कार्यालय, झाशी

विषय : मोफत मासिक ‘सवारी’च्या शेवटच्या अंकाची एक प्रत, रद्दीत जाण्याआधी, मिळण्याबाबत.

संदर्भ : माझ्याविरुद्धची तक्रार, दि. १२ ऑगस्ट (प्रवाशाचा अंक हिसकावल्याची).

महोदय,

हिंदीत दोन अर्ज दिले, दोन्ही परत आले. तुमच्या दारावरची नावाची पाटी वाचली, आडनाव मराठी दिसलं, म्हणून हा मराठीत. माझं मराठी घरातलं आहे. शाळा दहावीत सोडली आणि तिथे मराठी नव्हतंच. चुकलं तर सांभाळून घ्यावे.

१. मी चिरगाँवच्या बसमध्ये ‘सवारी’ वाटायचे. मागच्या पानावरचं ‘कंडक्टर गुड्डी’ हे कॉमिक माझा दादा कौशिक काढायचा. भांडकुदळ, दोन वेण्या, ती मीच. लोक माझ्या हातून अंक घेऊन गुड्डीला हसायचे, कोणाला कळलं नाही.

२. तक्रार खरी आहे. एका भाईसाहेबांनी अंक समोरच्या सीटवर पसरून गुड्डीच्या तोंडावर बूट ठेवले. मी ओढला. ते म्हणाले, फुकट की चीज़ है, तेरे बाप का क्या जाता है. मग मी बोलले ते तक्रारीत आहे, पण कमी लिहिलंय. त्या दिवसापासून माझं काम बंद.

३. सप्टेंबरात दादा डेंग्यूनं गेला. बावीस वर्षांचा होता. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी शेवटचं कॉमिक देऊन आला होता. अंक छापून आला आणि वाटपच बंद झालं. गठ्ठे तुमच्या मागच्या खोलीत आहेत. शुक्रवारी रद्दीवाला येणार, असं चौकीदार भैयानं सांगितलं.

४. खिडकीवरचे बाबूजी म्हणतात, अंक मोफत आहे म्हणून अर्जावर देता येत नाही. फक्त तिकीटवाल्या प्रवाशाला, तेही बसमध्ये. मी तिकीट काढून बसले. बसमध्ये वाटप बंद. परत आले तर म्हणाले, आता तू प्रवासी कुठे आहेस. असं तीनदा झालं.

५. घरी जुने अंक असतील असं आपल्याला वाटेल. एकही नाही. बाबा कारखान्याच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं आहेत, तिथली पेन्सिलसुद्धा घरी आली नाही. प्रवाशांचं आहे ते प्रवाशांना, म्हणायचे. उरलेले अंक मी रोज परत करायचे. एवढे वाटले, पण दादाचं पान एकदाही धड वाचलं नाही. तो विचारायचा, कसं झालंय ग. मी म्हणायचे, लोक घेतात ना, बास.

परवा जेवताना बाबा म्हणाले, एखादा तरी घरी आणला असतास. मग ताटावरून उठले.

तरी एक प्रत द्यावी. नियम मोडायचा नसेल तर मी गुरुवारी सकाळच्या चिरगाँव बसमध्ये तिकीट काढून बसते. आपण कोणाला तरी पाठवावं, त्यानं नुसतं माझ्या हातात द्यावं. मी उतरताना सीटवर सोडणार नाही.

गुरुवारची वाट बघणारी,
मुग्धा सुभाषचंद्र पांगारकर
झाशी, मंगळवार, २८ ऑक्टोबर

सोबत :
१. बसची तिकिटं, तीन.
२. चिरगाँवच्या समोसेवाल्याकडे मिळालेला जुन्या अंकाचा तेलकट तुकडा. त्यावर गुड्डीची एक वेणी आणि दादाची अर्धी सही आहे. बघून परत करावा. घरात तेवढाच आहे.