पिकअपचे मागचे दिवे

उदगीर

प्रिय रुद्रेश,

हातात फोन असताना अव्वानं पत्र कशाला लिहिलं म्हणून घाबरू नकोस, आणि हसूही नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. डोकं तेवढं माझं ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण तुझे अप्पा आणि त्यांची ती पिकअप. मागच्या रविवारी तू फोनवर मला म्हणालास, की हैदराबादच्या घराच्या घरभरणीला तुम्ही दोघं पूजेला बसा असं तू अप्पांना स्वतः विचारलंस, तर ते नुसतं 'हं' म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. तू आपलं मोंढ्यातलं धान्याचं दुकान सोडून नोकरीला गेलास याचा राग त्यांच्या मनातून जात नाही, असं तुला वाटतं. आता परत विचारणार नाही, मामा-मामींना बसवतो, असंही म्हणालास. मी तेव्हा 'वेळेवर जेवत जा' म्हणून फोन ठेवला. आता त्याचं उत्तर माझ्याजवळ आहे. पण त्याआधी तुला या मागच्या दिव्यांचा सगळा तमाशा वाचावा लागेल. मधलं गाळून शेवट बघू नकोस, तुला ती खोड आहे.

आपल्या बोळात गाडी वळत नाही, म्हणून मोंढ्यातून आल्यावर अप्पा पिकअप उलटीच आत घेतात, हे तुला सांगायला नको. कोपऱ्यावर हॉर्न वाजला की मी गॅस बारीक करायचा, पदराला हात पुसत बाहेर यायचं, मागं उभं राहून फाळक्यावर थापा मारत 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत राहायचं, आणि भिंत जवळ आली की दोन थापा जोरात मारून 'बास' म्हणायचं. एवढ्या वर्षांत या माणसानं आरशात कधी बघितलं नाही. माझ्या आवाजावर गाडी आत यायची. समोरचे संगप्पा भाऊजी तर म्हणायचे, पिकअप अमृतरावाची असंल, बोळात ती वहिनीच चालवतात. मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

यंदाच्या थंडीत काय झालं कुणास ठाऊक. दिवेलागणीची वेळ होती. मी 'बास' म्हणाले, पुन्हा म्हणाले, थापा मारून मारून तळहात लाल झाला, तरी गाडी आपली येतेच आहे. शेवटी मी ओट्यावर उडी मारली म्हणून वाचले. फाळका जाऊन पाण्याच्या टाकीवर आदळला आणि टाकी तडकली. सगळ्या बोळात पाणीच पाणी. अप्पा खाली उतरले, टाकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, मागं अंधार आहे, दिसलं नाही. इथं मी चिरडता चिरडता वाचले, आणि हे म्हणतात अंधार आहे! त्या दिवशी मी जे तोंड सोडलं ते संगप्पा भाऊजींनी खिडकी लावून घेईपर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून दिव्यांचं खूळ सुरू झालं. बसस्टँडजवळ वीरेशचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे, तिथं यांची रोजची बैठक. आधी मागचे पिवळे बल्ब काढून पांढरे एलईडी बसवले. चार दिवस बरे गेले, मग म्हणाले उजेड पुरत नाही. मग फाळक्याच्या खाली दोन वेगळे दिवे ठोकले. त्यानं फ्यूज उडाला आणि ऐन तुरीच्या हंगामात गाडी मोंढ्यात उभी राहिली. मग रिले बसवला, वायर जाड घातली, आणि आणखी मोठे दिवे आणले. आता त्यांनी रिव्हर्स टाकला की बोळात लग्नाचा मांडव घातल्यासारखं वाटतं. संगप्पा भाऊजींच्या घरात थेट देवघरापर्यंत उजेड जातो. त्यांची सून शिवकन्या म्हणते, तुमच्या दिव्यानं आमची म्हैस बिचकती आणि दूध चोरती. मला ते काही पटत नाही, पण भांडायला ती माझ्याशीच येते, अप्पांशी नाही. अप्पा भेटले की हसून नमस्कार करते.

मी म्हटलं, दिव्यांचा नाही, हा डोळ्यांचा दोष आहे. हातापाया पडून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सगळं तपासलं आणि म्हणाल्या, काकांची नजर या वयात इतकी चांगली आहे की कौतुक करावं, खुशाल गाडी चालवा. झालं! घरी येईपर्यंत यांची छाती पुढं. मला म्हणाले, बघ, मी सांगत होतो ना, दिवेच कमी पडायलेत. मी कपाळावर हात मारून घेतला. डोळे चांगले, दिवे सूर्यासारखे, आणि गाडी तरी भिंतीला घासतेच आहे. याला करावं काय?

त्यातच यांची नवी फर्मानं निघाली. संध्याकाळी गडद लुगडं नेसत जाऊ नको, पिवळं-पांढरं नेस. मागं उभी राहून ओरडू नको, हात वर करून दाखव. थांबायचं असलं की दोन्ही हात आडवे कर. आता सांग, मी काय चौकातला पोलीस आहे? तो उजेड माझ्या डोळ्यांत असा घुसतो की मला समोरचं काही दिसत नाही, आणि मी आपली आंधळ्यासारखी हात हलवत उभी. मला खरंच वाईट वाटलं रे. वाटलं, आता बायकोच्या ओरडण्याची यांना लाज वाटायला लागली. इतकी वर्षं चाललं ते आता चारचौघांत बरं दिसत नाही. तुझ्याशी नीट बोलत नाहीत, माझा आवाज नको, मग या माणसाला हवंय तरी कोण? 'लेकराशी चार शब्द नीट बोलायला काय होतं तुम्हाला' असं मी एकदा विचारलंही, तर 'फोनवर काय बोलायचं' म्हणून उठून बाहेर गेले, पिकअपचे दिवे पुसायला. बोलणंच बंद केलं मी दोन दिवस. त्याचाही त्यांना काही फरक पडलेला दिसला नाही, मग माझा संताप आणखी वाढला.

आणि मग परवाचा प्रकार झाला. यांनी वीरेशकडून दिव्यांना वेगळं बटण करून घेतलं होतं, रिव्हर्स टाकायच्या आधीच उजेड पडावा म्हणून. वीरेशनं आपल्या मनानं त्याच वायरीला एक रिव्हर्सचा बझर जोडून दिला. दिवे लागले की टी-टी-टी-टी. काय तो आवाज, दातांतून सुई ओढल्यासारखा. संध्याकाळी अप्पांनी मोंढ्यातच बटण दाबलं आणि बंद करायचं विसरले. तिथून घरापर्यंत, सगळ्या बाजारातून, चौकातून, बझर बोंबलत आला. मला तो आवाज पार लांबून ऐकू आला, वाटलं कुणाची तरी गाडी चोरीला चालली आहे. बोळातली सगळी माणसं बाहेर आली. संगप्पा भाऊजींनी कानांवर हात ठेवले होते. अप्पांनी निवांत गाडी आत घेतली, खाली उतरले आणि हसत मला म्हणाले, आज सगळा बाजार थांबून आपल्या दिव्यांकडं बघत होता. मागं बझर किंचाळत होता रुद्रेश, आणि ते माझ्याकडे बघून हसत होते.

मीच आत वाकून ते बटण बंद केलं. लोक हसत घरी गेले. अप्पा अंगणात नळावर पाय धुवायला बसले, आणि मी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले. हळू हाक मारली. मग नेहमीसारखी मारली. मग मोठ्यानं. त्यांनी मान वळवली नाही. समोर जाऊन उभी राहिले तेव्हा कुठं वर बघितलं आणि पाणी दे म्हणाले. पाण्याचा तांब्या भरता भरता मला सगळं उमगलं. डोळ्यांना काही नव्हतंच. त्यांना माझा आवाज पोचत नव्हता, म्हणून माझे हात दिसावेत एवढ्यासाठी हा माणूस उजेड वाढवत सुटला होता. घरात मी समोर बसून बोलते, ते तोंडाकडे बघून समजून घेतात. मोंढ्यात तर सगळे ओरडूनच बोलतात, तिथं कुणाला कळणार?

मी समोर बसून विचारलं. आधी उडवून लावलं. मग म्हणाले, "रुद्र्याचा आवाज फोनात नुसता घुमतो गं. काय म्हणायलाय ते कळतच न्हाई. किती बार विचारावं लेकराला? पण त्याला सांगू नको तू. बापाला ऐकू येत न्हाई म्हणलं की नोकरी सोडून येऊन बसल दुकानात." तू गेलास तेव्हा ते रागावले होते, नाही म्हणत नाही. पण तो राग केव्हाच गेला. मोंढ्यात येईल त्या माणसाला तुझ्या नोकरीचं सांगतात. दर रविवारी फोन झाला की माझ्या मागं मागं करतात, काय म्हणाला, जेवतो का नीट, आणि मला वाटायचं, हातात फोन होता तेव्हा का नाही विचारलं.

तुला फोनवर काही सांगणार नाही, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं आहे. पत्राचं काही बोलणं झालं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे. येत्या रविवारी फोन करू नकोस, तूच ये. नोकरी सोडायचं नाव काढू नकोस, लातूरला कानाच्या डॉक्टरांकडे कसं न्यायचं ते आपण दोघं बघू. परवा बझरच्या दिवशीच मी त्यांना सांगितलं, की मागच्या रविवारी तुम्ही फोन माझ्याकडे दिलात, त्याच्या आधी लेकरू तुम्हाला घरभरणीच्या पूजेला बसायला विचारत होतं. माझ्याकडे बघतच राहिले रे. डोळे भरून आले. मग हळूच मला विचारलं, "मंग मी काय म्हणालो?" त्यांच्या समोर बस, तोंडाकडे बघ, आणि सावकाश परत विचार.

तुझीच,
अव्वा