लोखंडी तापाचा सातवा अल्बम

दि. ९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून तुला वाटेल, याला फोन करायला काय धाड भरली. पण फोन भाऊजींनी उचलला तर काय बोलायचं ते मला ठरवता येत नाही, म्हणून कागद. शिवाय मी फोनवर भांडतो आणि कागदावर जरा माणसात असतो, हे तुझंच मत.

बातमी अशी, की ‘लोखंडी ताप’ पुन्हा चढला आहे. सातवा अल्बम करतोय. बँडला चोवीस वर्षं झाली. श्रोते तेच आहेत, फक्त त्यांचे केस कमी झालेत. पूर्वी आमच्या गाण्यावर मान झटकली की केस उडायचे, आता नुसती मान दुखते. मी तर मागच्या कार्यक्रमात मान झटकताना चष्मा पहिल्या रांगेत फेकला. झेलला तो माझ्याच दुकानातल्या गिऱ्हाइकाने. दुसऱ्या दिवशी आणून दिला आणि काच सैल बसवली आहे म्हणून मलाच ऐकवून गेला.

माणसं मात्र बदलली. ज्याच्या गर्जनेने खिडक्या थरथरायच्या, त्या आमच्या गायकाला डॉक्टरांनी घसा जपायला सांगितलं. आता तो बसस्थानकावर गाड्यांच्या वेळा जाहीर करतो, तेही इतक्या मऊ आवाजात की प्रवाशांना डुलकी लागते आणि गाडी चुकते. त्याच्या जागी शाळेतले खेळाचे मास्तर आलेत. मैदानभर ऐकू जाईल असं ओरडायची त्यांना वीस वर्षांची सवय आहे. फक्त गाणं संपलं की शिट्टी वाजवतात. बास वाजवणारा तोच आहे. तो बोलतच नाही, त्यामुळे त्याच्याशी भांडायला कधी निमित्त सापडलं नाही.

आणि ड्रमवर एक नवी बाई आहे. इस्पितळात एक्स-रे काढते, म्हणून आम्ही तिला एक्सरेच म्हणतो. हात फार पक्का आहे. तुला राग येणार हे मला माहीत आहे, पण ताई, मी केलं ते बँडच्या भल्यासाठी. जलद जागा आली की भाऊजींची लय मागे पडायची आणि सगळं मला गिटारवर रेटत न्यावं लागायचं. बँडमध्ये नातं आणलं की बँडही जातो आणि नातंही, असं मी त्या दिवशी त्यांना म्हटलं. ते ड्रमच्या काठ्या पिशवीत घालून निघून गेले.

कसे आहेत ते? मी विचारलं म्हणून सांगू नकोस.

लोभ रागातही चालू राहावा, ही विनंती.

तुझा
ठोंब्या


दि. १७ जानेवारी

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ. म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. त्यातला तूर्त एकच तुझा, बाकीचे माझ्यापाशी राहू देत.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, मग हसल्याचा राग आला, म्हणून दुसऱ्यांदा वाचलं.

ड्रमर मी शोधला आणि ताईने त्याचा नवरा केला, असं लग्नात तू सगळ्यांना सांगत फिरत होतास. आता तुझा ड्रमर तू काढलास आणि माझा नवरा माझ्याकडे उरलाय. आधीही हे बोलत नव्हते म्हणा, पण वाजवायचे. जेवताना चमच्यांनी ताटावर, बसल्या बसल्या गुडघ्यावर, माझ्या शिलाई मशीनच्या झाकणावर. इतकी वर्षं मी जरा गप्प बसा, गप्प बसा करत आले. आता गप्प बसतात आणि माझ्या घशाखाली घास उतरत नाही. ड्रमवर भुसा साचलाय. दिवसभर दारं करत असतात. असंच चाललं तर इथे दारं लावायला भिंती उरायच्या नाहीत.

आम्ही दोन वर्षांपूर्वी इकडे राहायला आलो, तेव्हापासून दर रविवारी हा माणूस तीन तास बसने तुझ्याकडे येत होता आणि तीन तास परत. त्याला तू चारचौघांत म्हणालास की हात जड झालाय, वय झालंय. घरी आल्यावर हे इतकंच म्हणाले, आता रविवारी सुताराला सुट्टी. मी कारण विचारलं तर म्हणाले, त्याचं बरोबर असेल.

ते तुझ्याहून चार वर्षांनी मोठे आहेत हे खरं. पण तुझं पोट त्यांच्या पोटाहून दहा वर्षांनी मोठं आहे. वय काढायचं तर सगळ्याच अवयवांचं काढू.

खुशाल अल्बम कर, ओरडा, माना मोडून घ्या. पण हा माणूस परत वाजवायला लागला नाही, तर मी तुला माफ करणार नाही. हे मी हसत लिहीत नाहीये.

रक्तदाबाची गोळी चुकवू नकोस. लोभ सध्या उसवलाय, टाका तुलाच घालावा लागेल.

ताई


दि. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला दीड महिना लागला. धीर गोळा करत होतो. तो आपल्या घरात मुळातच कमी, आणि होता तो सगळा थोरलीच्या वाट्याला गेला.

रेकॉर्डिंग सुरू झालंय. आजवरचे सहाही अल्बम आम्ही टायरच्या गोदामावरच्या खोलीत सगळ्यांनी एकदम वाजवून केले. या वेळी मी फर्मान काढलं: प्रत्येकाने एकेकट्याने वाजवायचं, कानाला हेडफोन, आणि हेडफोनमध्ये घड्याळासारखी टिकटिक. लय सुटली की लगेच पकडला जाणार. भाऊजींना हे जमलंच नसतं, असंही मी सगळ्यांना सांगितलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर मला ठोंब्या कोणी म्हटलं असतं? मी नियमही केला, की जो टिकटिकीच्या मागे पडेल त्याने बँड सोडायचा. तो कागदावर लिहून भिंतीला चिकटवला आणि खाली झोकात सही केली.

एक्सरे एका दमात वाजवून चहा प्यायला गेली. बासवाला नेहमीप्रमाणे अवाक्षर न काढता वाजवून गेला. मग मी बसलो. पहिल्या दिवशी हेडफोन खराब निघाला. दुसऱ्या दिवशी वायर. तिसऱ्या दिवशी खुर्ची करकरत होती. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ती टिकटिकच चुकीची आहे. तेव्हा एक्सरेने आपलं मनगटी घड्याळ तिच्या शेजारी धरलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मी अंगण, शेजाऱ्याचं अंगण आणि पुढचा रस्ता, सगळंच वाकडं ठरवून बसलोय.

उद्या संगणकाच्या पडद्यावर बघणार आहोत, काय बिघडलंय ते. यंत्राचाच घोळ असणार.

लोभाचा दोरा अगदीच तोडू नये, ही विनंती.

ठोंब्या


दि. ५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

यंत्राचा घोळ नाही.

पडद्यावर प्रत्येकाच्या वाजवण्याची एकेक पट्टी दिसते, एकाखाली एक. ठोका पडला की पट्टीला उंचवटा येतो. ड्रमचा आणि बासचा उंचवटा टिकटिकीच्या बरोबर खाली. माझा, जलद जागा आली रे आली की मागे. थोडा मागे, मग आणखी थोडा. मी एक्सरेला विचारलं, याचा अर्थ काय. ती म्हणाली, रिपोर्ट डॉक्टर देतात, मी फक्त फोटो काढते.

मी अजून वळणावर आलो नव्हतो. म्हटलं, माझं असेल थोडं, पण भाऊजीही मागे पडायचेच, मागचा अल्बम उघडा. उघडला. त्यात ड्रमची पट्टी वेगळी ठेवलेली होती. चौथ्या गाण्यात मध्ये एक जागा आहे, तिथे गिटार नाही, नुसते ड्रम आणि बास. तिथे भाऊजींचे ठोके ओळंबा लावल्यासारखे सरळ. मग गिटार येते. जलद जागा येते, मी मागे पडतो, आणि अगदी पुढच्याच ठोक्याला ते थांबतात. मला येऊ देतात. मग दोघे बरोबर पुढे. दुसरं गाणं उघडलं, तेच. त्याच्या आधीचा अल्बम उघडला, तेच. आणखी मागचे उघडायचा मला धीर झाला नाही.

ताई, चोवीस वर्षं हा माणूस माझी वाट बघत वाजवत होता, आणि मागे पडतो म्हणून मी त्यालाच हाकललं. दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांपुढे काचा धरून विचारतो, आता दिसतंय का, आता? पण स्वतःच्या डोळ्यांपुढे धरायचं काही मला सुचलं नाही.

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मास्तरांनी पाणी दिलं. आणि बासवाल्याने तोंड उघडलं. त्याला पूर्ण वाक्य बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. म्हणाला, की हे त्याला आणि जुन्या गायकाला पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

माझ्या नियमाप्रमाणे मी गिटार पेटीत ठेवली आणि निघालो. दाराशी पोचतो तोच मास्तरांची शिट्टी वाजली. एक्सरे म्हणाली, हाड मोडलं म्हणून कोणी पाय टाकून देत नाही, प्लास्टर घालतात. मला मे महिन्यापर्यंत मुदत दिली आहे. आता दुकानात काचा घासतानाही माझ्या कानात टिकटिक असते. गिऱ्हाइकाने काही विचारलं तर मी ठोक्यावरच उत्तर देतो. तिघे जण घाबरून दुसऱ्या दुकानात गेले.

तू भाऊजींना सांगशील का हे? माझं तोंड होत नाही.

ठोंब्या


दि. १० मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

नाही सांगणार. अपमान चारचौघांत आणि माफी बायकोच्या हातून? मी टपालवाली नाही. स्वतःच्या हाताने लिही.

मी यांना इतकंच विचारलं, की ठोंब्या लयीत मागे पडायचा का. हातातला रंधा थांबला नाही. म्हणाले, थोडासा. मग कधी सांगितलं का नाही, असं मी विचारलं. तर म्हणाले, त्यात सांगण्यासारखं काय, जरा थांबलं की येतो तो.

मी आत जाऊन मशीनवर बसले आणि एका शर्टाला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या. उसवताना सगळा राग तुझ्यावरच काढला.

ताई


दि. १४ मे

ती. भाऊजींस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी अकराव्यांदा लिहितोय. आधीच्या दहांत मी माझी बाजू मांडली होती. ती दहाही फाडली. या पत्रात बाजू नाही.

माझं चुकलं. हात तुमचा जड नव्हता, माझा होता. हे मी त्याच खोलीत सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. त्या दिवशी हजर असलेला जुना गायक आता तिथे नसतो, म्हणून बसस्थानकावर जाऊन त्यालाही सांगितलं. त्याने ते ध्वनिक्षेपकावरून जाहीर केलं नाही, हे त्याचे उपकार.

सोबत नवा अल्बम पाठवतोय. माझी गिटार मी सगळी पुन्हा वाजवली. दोन महिने घासलं तेव्हा कुठे टिकटिकीबरोबर आलो. आतल्या पानावर छापून घेतलं आहे, की आधीच्या सहा अल्बमची लय भाऊजींनी सांभाळली आणि गिटारवाल्याला ते आत्ता कळलं. मास्तर म्हणाले, असं छापलं तर लोक हसतील. म्हटलं, मान झटकण्यापेक्षा ते बरं, या वयात हसल्याने काही लचकत नाही.

तुम्ही परत येत असाल तर एक्सरे आनंदाने उठायला तयार आहे. पण उठायचं तर मीच उठायला हवं. तुम्ही म्हणाल तसं करेन. काही म्हणावंसं वाटलं नाही तरी चालेल, पण कृपा करून वाजवा.

लोभ मागायला तोंड नाही. होता तेव्हा मोजला नाही, एवढं कबूल करतो.

आपला
ठोंब्या


दि. २३ मे

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

मला पत्र लिहिता येत नाही. दाराचं माप सांगायचं असतं तर बरं झालं असतं. तुझी ताई शेजारी बसून माझं शुद्धलेखन बघत होती, तिला चहा करायला पाठवलंय.

अल्बम कामाच्या जागी लावला. मास्तर चांगले ओरडतात. त्या बाईंचा हात पक्का आहे, ती जागा आता त्यांचीच. मी येणार नाही. तूही सोडायची भाषा करू नकोस.

चूक माझीही आहे. मी पहिल्याच वर्षी सांगायला हवं होतं. तू तेव्हाच सुधारला असतास. पण मला ते आवडायचं. तू मागे राहिलास की मी जरा थांबायचो, तू यायचास, आणि मग आपला दोघांचा जो आवाज निघायचा तो मला दुसऱ्या कोणाबरोबर मिळाला नाही. तू वय काढलंस त्याचं काही वाटलं नाही. तुला तो आवाज कधी ऐकूच आला नाही, याचं वाईट वाटलं.

काल ड्रम पुसले आणि अल्बमबरोबर वाजवायला बसलो. तिसऱ्या गाण्यात तुझी जलद जागा आली. मी सवयीने थांबलो. तू वेळेवर आलास आणि तसाच पुढे निघून गेलास. मी काठ्या हातात धरून बसून राहिलो. फार छान वाजवलं आहेस.

रविवारी गिटार घेऊन इकडे ये. ती टिकटिक आणू नकोस. मला जरा थांबायचं आहे.

बाकी भेटीअंती.

भाऊजी