वाऱ्याचा बोगदा आणि माझी कवळी

एमोस, तुझ्या बायकोचा भाचा तूच माझ्याकडे भाडेकरू म्हणून धाडलास. मुलगा गरीब आहे, पोटभर जेवला की गप्प बसतो म्हणालास. धादांत खोटं! जेवतानाच तर तो बोलतो.

असो. धाकट्या भावाला ड्रुसिलाचे आशीर्वाद. तुझं खेचर, तुझा गुडघा आणि तुझी बायको (तुला काळजी असते त्याच क्रमाने लिहिलंय) बरी असतील. मी ठणठणीत. हॅम्प्टनात यंदा खेकडे पुष्कळ, डास त्याहून पुष्कळ आणि इंजिनियर डासांहून पुष्कळ.

तुझा हा भाचा, लेलंड, वाऱ्याच्या बोगद्यात कामाला आहे. (आडवं झोपवलेलं भलंमोठं धुराडं. त्यात विमान टांगतात आणि वारा सोडून बघत बसतात. आमच्या वेळी असल्या माणसाला घरचे कोंडून ठेवत.) ताटावर बसला की त्याचं पुराण सुरू. म्हणे, आधी लोक अंदाजाने विमानं बांधायचे आणि अंदाजानेच मरायचे. मग कुणाला तरी सुचलं: विमानाच्या नाकावरचा पंखा तोच, वारा तोच, फक्त पात्याचा पीळ बदलायचा आणि मोजायचं. मग पीळ तोच, रुंदी बदलायची. एका वेळी एकच गोष्ट. "आजी, असं का होतं ते पुरतं कळलं नाही तरी चालतं. काय बदललं की काय होतं, एवढं कळलं की विमान बांधता येतं." मी म्हटलं, "भट्टीतून काढलेली बिस्किटं थंड होतायत, आधी तोंडाचं काम बदल."

इथवर ठीक होतं. पण याचा जीव जडला माझ्या नातीवर, कोरावर. तिला शवपेट्यांच्या दुकानदाराने, टॉलिव्हरने, मागणी घातलेली आणि त्याला ईस्टरला उत्तर हवं होतं. कोरा लेलंडकडे बघून हसली होती ती एकाच रविवारी. त्या दिवशी याचा टाय नवा, केसांना तेल, हातात लिलीची फुलं, आणि पोर्चवर खेकड्यांच्या बादलीत पाय पडलेला. सगळं एकदम! मग ती हसली कशाला? दुसरा कुणी विचारून मोकळा झाला असता. हा पडला इंजिनियर.

एका रविवारी नुसता टाय घालून आला. कोरा हसली नाही. पुढच्या रविवारी नुसतं तेल (माशी बसली ती घसरली), तरी नाही. मग नुसती फुलं. नाहीच. उरले खेकडे. ईस्टर तोंडावर आलेला. चर्चमधून आल्या आल्या गड्याने बूट काढला, पाय शांतपणे बादलीत सोडला आणि कोराच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. खेकड्याने अंगठा धरला. आपल्यावर प्रयोग चाललाय हे कोराला कळलं आणि ती रडत आत पळाली. म्हणाली, "आजी, मी टॉलिव्हरला हो म्हणते. तो निदान मेलेल्यांचीच मापं घेतो."

मी अंगठ्याला चिंधी बांधत होते, तेव्हा हा पुटपुटला, "आमच्याकडेही असंच अडलं होतं, आजी. वैमानिक म्हणायचा हे विमान गुणी, ते खाष्ट. आकड्यांत काहीच दिसेना. शेवटी त्यालाच विचारलं, बाबा, गुणी म्हणजे काय?"

"मग विचार की, मुडद्या!" मी ओरडले.

लंगडत गेला आणि स्वयंपाकघराच्या दाराला तोंड लावून म्हणाला, "मिस कोरा, त्या रविवारी तुम्ही कशाला हसलात?"

आतून आधी हुंदका आला, मग तेच हसू. "आजीची कवळी ग्रेव्हीत पडली, आणि तुम्ही ती काढून, पुसून, आजीच्या हातात देत 'आणखी ग्रेव्ही वाढू का' म्हणालात!"

"पण कवळी तर मी मोजणीत धरलीच नव्हती!" हा दारातूनच ओरडला. टॉलिव्हरला त्याच दिवशी नकार गेला.

तुझी बहीण,
ड्रुसिला

ता. क. लग्न जूनमध्ये आहे. लेलंड म्हणतो, जे जमलंय त्यात बदल नको, मेजवानीतही कवळी पडली पाहिजे. मी माझी कवळी खळ लावून घट्ट बसवणार आहे.

ता. क. दुसरा. तुझी वरची ढिली आहे हे मला ठाऊक आहे. ढिलीच घालून ये. भाचा तुझ्याकडचा, कवळीही तुझी. ग्रेव्ही मी करीन. उत्तर तू स्वतःच्या हाताने लिही. बायकोला लिहायला लावलंस तर ती 'येतो' लिहील आणि तू खेचराचं निमित्त काढून घरी बसशील.