गोदावरीला मोटारीनं आणणे

गुरुवार, ९ फेब्रुवारी १९३३
गोदावरीला सातवा. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि आठवा लागला की प्रवास नाही. तेव्हा येत्या गुरुवारी लेक अक्कलकोटहून आणायची, तीही आपल्या मोटारीनं. व्याह्यांना तसं पत्र टाकलं. मोटार सध्या बंद आहे हे लिहिलं नाही. पत्र उगाच लांबतं.

शुक्रवार, १०
मोटारीचं दुखणं किरकोळ. इंजिनात कॅमशाफ्टचं दातेरी चाक असतं. त्याचे दात झिजलेत, म्हणून चेन घसरते. नवं चाक मुंबईहून निघालंय. गिरणीतला फिटर शरणप्पा म्हणाला, सायेब, आमी येतो की रविवारी, दोन तासाचं काम हाय. नको म्हटलं. वीस वर्षं दिवाणी दावे चालवणाऱ्याला एक चाक बसवता येऊ नये? मोटारीसोबत आलेलं पुस्तक आहे.

रविवार, १२
सकाळी ७. इंजिन उघडलं. नऊपर्यंत जुनं चाक बाहेर येईल.
संध्याकाळी ६. निघालं. बोटाचं सालटंही निघालं. सौ. रुक्मिणीनं विचारलं, पोरीला आगगाडीनं आणलं तर? बायकांना यंत्राची भीती वाटते.

सोमवार, १३
कोर्टातून आलो तर पार्सल आलेलं. रुक्मिणीनं उघडूनसुद्धा ठेवलं होतं. चाक सुरेख. पुस्तक म्हणतं, यावरचा ठिपका खालच्या लहान चाकावरच्या ठिपक्यासमोर आणा. आणि ठिपका चक्क लाल! गिऱ्हाइकाची केवढी काळजी.

मंगळवार, १४
ठिपके जुळवले. चेन चढेना. यंत्राचीही समजूत घालावी लागते. हातोडीनं घातली. उद्या हँडल मारून इंजिन सुरू करणार.

बुधवार, १५ (डाव्या हातानं लिहितोय)
हँडल उलटं फिरलं. उजवं मनगट सुजलं. शिवाय बंदुकीसारखा बार झाला. शेजारच्या काशम्मा दारात येऊन कानडीत बरंच बोलल्या. कळलं नाही, हे बरंच.
शरणप्पाला बोलावलं, केवळ सल्ल्यासाठी. त्यानं चाक फडक्यानं पुसलं, लाल ठिपका गेला. खरा, ठोकलेला ठिपका पार दुसऱ्या बाजूला निघाला. रुक्मिणी म्हणाली, नवी वस्तू घरात आली, कुंकू नको का लावायला? सवाष्णीच्या कुंकवाला चूक कोणत्या तोंडानं म्हणायचं?
चेनही तुटली. नवीला आठ दिवस. शरणप्पा म्हणाला, लई जोर लावला की सायेब. त्यात थोडं कौतुक असावं.
ठराव: उद्या आगगाडीनं जाऊन आणतो. व्याह्यांना सांगायचं, मोटार रंगाला दिली आहे.

गुरुवार, १६ (डाव्याच हातानं)
कोट चढवून, हात झोळीत घालून निघणार तोच दारात टांगा. गोदावरी, सोबत जावई महिपतराव. पोरीला बघून डोळे भरून आले, लपवता आले नाहीत. रुक्मिणीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला.
मी रंगाचं बोलायला घेतलं. गोदावरी म्हणाली, दादा, असू द्या. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मामंजींनी आम्हाला आगगाडीनं पाठवायचं ठरवलं. मी म्हटलं, दादा न्यायला निघतील, चुकामूक होईल. तर म्हणाले, घाबरू नकोस, गुरुवारी ते घरीच असतील, हात मात्र काळे असतील.
व्याह्यांनी आमची मोटार अजून पाहिलेलीसुद्धा नाही. मला पाहिलंय.