दोनच्या ठोक्याला

३ मार्च

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या वीज कार्यालयाची नोटीस आमच्या जिन्यात चिकटली आहे. गाड्या संध्याकाळी चार्ज करू नका, दुपारी दोननंतर करा. शिवाय प्रत्येक प्लगला एक डबी बसवा, कोणाला कधी किती वीज द्यायची ते ती ठरवेल. तीस वर्षं मुख्याध्यापिका होते मी! मला रांगेत उभं करणारी डबी अजून जन्मायची आहे. इमारतीतल्या अकरा गाड्यांना शिस्त मीच लावते.

तुझी आई माझ्याकडे मजेत आहे. प्राणवायूचं यंत्र दिवसभर घुरघुरतं आणि ती त्याच्यावर.

लोभ आहेच, तो टिकवणं तुझ्या हाती.

मावशी

६ मार्च

ती. मावशीस सा. न.

डबी नको तर राहू दे, पण दोन म्हणजे दोन. संध्याकाळी घरोघरी दिवे, पंखे, शेगड्या चालू असतात. त्यात गाड्या लावल्या की कोपऱ्यावरचा म्हातारा ट्रान्सफॉर्मर बसलाच म्हणून समज. आईच्या यंत्राची बॅटरी जेमतेम पाऊण तास चालते, म्हणून एवढा मागे लागलोय. तुझ्या धाकापुढे कोण बोलणार म्हणा!

आईला सांभाळ, मला ओरडत राहा.

तुझा भाचा

१२ मार्च

चि. भाच्यास आशीर्वाद, जरा कमीच.

निरोप समारंभात शाळेने दिलेली घंटा घेऊन काल खाली गेले. पावणेदोनलाच दहा जण प्लग हातात धरून उभे, अकरावी मी. दोनच्या ठोक्याला मी घंटा दिली आणि अकराही गाड्या एकदम लागल्या. अशी शिस्त मला शाळेतही लाभली नव्हती. कोपऱ्यावर धाडकन आवाज झाला आणि सगळी गल्ली बंद.

तीन जिने कशी चढले, देव जाणे. वीज अडतिसाव्या मिनिटाला आली. तेवढ्या वेळात तुझी आई एकच वाक्य बोलली: शाळा सुटली की सगळे वर्ग एका दारातून एकदम सोडायचीस का गं?

कधीच नाही. एकेक वर्ग सोडायचे. हे मला सुचू नये? आणि तुझ्या नोटिशीत का नव्हतं, मेल्या?

अकरा डब्या पाठव. माझी गाडी शेवटी. घंटा आता तुझ्या आईच्या उशाशी आहे. यंत्र बॅटरीवर गेलं की तिने ती वाजवायची आणि प्रत्येकाने आपला प्लग काढायचा, असं सगळ्यांकडून घोकून घेतलंय.

राग दोन दिवसांत उतरेल. लोभ तेवढा धरून ठेव.

मावशी