मामांच्या बोटांचे बिल

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक,
पूर्व विभाग पोलीस ठाणे.

विषय: अर्जदाराच्या नावे निघालेल्या बिलातील मारहाण अर्जदाराने केलेली नसल्याबाबत, व इतर.

संदर्भ: आपण इस्पितळात अर्जदाराच्या मामांना दाखवलेले बिल.

महोदय,

१. अर्जदार भिंती पाडण्याचे काम करतो. घण, पहार, छिन्नी त्याची स्वतःची; काम पाडकामाची कंत्राटे घेणारी एजन्सी देते. तो कोणाचा नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार आहे, हे एजन्सीने त्याला वेळोवेळी बजावले आहे, विशेषतः तो बरगडी मोडून घरी पडला होता तेव्हा.

२. काम करणाऱ्याने बिल द्यावे, अशी सगळीकडे रीत आहे. येथे अर्जदाराचे बिल एजन्सीच काढते, अर्जदाराच्या नावाने, अर्जदाराच्या कर-नोंदणी क्रमांकावर, आणि स्वतःच स्वतःला देते. याला सेल्फ-बिलिंग म्हणतात. अर्जदाराने आपले बिल आपण काढायचे नाही, आणि आठवड्याभरात हरकत घेतली नाही तर एजन्सीचे बिल त्याला मान्य आहे असे धरायचे, असा करार आहे. खाली छापलेले असते: 'संगणकीय बिल, सहीची आवश्यकता नाही.' खोटे कशाला बोला, अर्जदाराला हे सोयीचेच वाटले होते. दिवसभर घण मारल्यावर बोटांत पेन धरवत नाही.

३. अर्जदाराचे मामा घड्याळे दुरुस्त करतात. वडील गेल्यावर अर्जदाराला त्यांनीच वाढवले, अक्षरही त्यांनीच गिरवून घेतले. उघडलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणावर आतल्या बाजूने सुईने आपली खूण कोरायची, ही त्यांच्या धंद्याची रीत. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. पुढे घड्याळ बिघडले तर उघडणाऱ्याला कळावे, की आधी हात कोणाचा लागला होता. "काम केलं ना, मग तोंड लपवायचं नाही," असे मामा म्हणत. अर्जदाराने ती सवय उचलली. पाडकामात शेवटी उरलेल्या विटेवर तो छिन्नीने त्रिकोण कोरतो. मुकादम हसतात. हसोत बापडे.

४. मामांचे दुकान ज्या इमारतीत आहे ती पाडण्याचे काम एजन्सीला मिळाले. बाकीचे भाडेकरू निघून गेले. मामा कोर्टात गेले. एजन्सीने हे काम अर्जदाराला देऊ केले होते, त्याने ते साफ नाकारले. त्यानंतर एका दुपारी दोन इसम शटर अर्धे ओढून आत शिरले. त्यांनी मामांच्या डोक्यावर गोणपाट टाकले, उजवा हात त्यांच्याच टेबलावर दाबून धरला आणि घणाने ठेचला. एकदा नव्हे, बोटे पसरून पसरून. काचा, काटे आणि बारीक चक्रे मांसात रुतून बसली. डॉक्टरांनी दोन बोटे काढून टाकली. उरलेल्यांत चिमटा धरता येणार नाही.

५. अशा इसमांना पैसे द्यायचे तर हिशेबात बिल लागते, आणि गुंडांना कर-नोंदणी क्रमांक नसतो. एजन्सीने तो अर्जदाराचा वापरला. बिलात लिहिले, 'तळमजल्यावरील अडथळा घणाने दूर करणे.' रक्कम 'उचल वजा', म्हणजे अर्जदाराने आधीच उचललेल्या पैशांत वळती, दाखवून परस्पर जिरवली. अर्जदाराने बिल उघडून पाहिले नाही, म्हणजे हरकत घेतली नाही, म्हणजे बिल मान्य झाले. येणेप्रमाणे अर्जदाराने आपल्या मामांचा हात ठेचला.

६. तपासात एजन्सीच्या हिशेबात सापडलेले ते बिल आपण मामांना दाखवलेत. ते आपले कर्तव्य होते, त्याबद्दल तक्रार नाही. अर्जदार त्यांना पाणी पाजायला पुढे झाला, तर "ह्याला बाहेर काढा," एवढेच बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले. अर्जदाराची आई म्हणाली, "दादानं ज्या हातानं तुला घास भरवले, त्याच हातावर घण घातलास रे?" अर्जदाराने तिच्या पायांवर हात ठेवून शपथ घेतली. कागद समोर असताना शपथेला कोण विचारतो? आता ती ताट वाढते आणि उठून आत जाते. अर्जदाराला तुरुंगाचे भय नाही. मामांनी हे मनात धरून डोळे मिटावेत, हे मात्र त्याला सोसत नाही.

७. म्हणून आज सकाळी अर्जदार एजन्सीत गेला. बिल रद्द करून खऱ्या इसमांची नावे लिहावीत, अशी त्याने हात जोडून विनंती केली. मॅनेजरसाहेबांनी खुर्ची दिली. "अहो, बिल तुमचं, नंबर तुमचा, घणही तुमचाच. मग हात आमचा कसा?" असे ते म्हणाले. पुढे हसून म्हणाले, "आणि म्हाताऱ्याला दुसरा हात आहे की अजून." येथे अर्जदाराचे डोके फिरले.

८. विषयातील 'इतर' ते हे. अर्जदाराने घण आणून प्रथम काचेची भिंत पाडली, मग संगणक, मग बिले छापणारे यंत्र. त्यानंतर मॅनेजरसाहेबांचा उजवा हात टेबलावर दाबून धरला व ठेचला. डोक्यावर गोणपाट टाकले नाही. त्यांनी अर्जदाराचे तोंड नीट पाहावे, अशी इच्छा होती. हाड विटेसारखे फुटत नाही, हे अर्जदाराला ठाऊक नव्हते. तो आवाज अजून कानातून जात नाही. दुसरा घाव पडण्याआधीच साहेबांनी दोन्ही इसमांची नावे सांगितली. तरीही दुसरा घाव पडला. टेबलाच्या उरलेल्या कोपऱ्यावर अर्जदाराने त्रिकोण कोरला आहे.

९. हे काम एजन्सीने सांगितलेले नसल्याने ती त्याचे बिल काढील असे वाटत नाही. सबब अर्जदाराने करार मोडून आयुष्यातले पहिले बिल स्वतःच्या हाताने काढले आहे. अक्षर वाकडे आहे, पण वाचता येते.

तरी विनंती की, आधीच्या बिलातून अर्जदाराचे नाव वगळावे. सोबतच्या बिलाची जी शिक्षा असेल ती पुरती द्यावी; अर्जदार हरकत घेणार नाही. फक्त दोन्ही बिले मामांपुढे शेजारी शेजारी ठेवावीत. अर्जदाराच्या तोंडचा शब्द ते आता मानणार नाहीत. पण खाली खूण आहे की नाही, हे ते आधी बघतील.

ठाण्याच्या बाकावर बसून असलेला,
आपला नम्र अर्जदार
(सही) △
दिनांक: आजचाच, दुपार.

सोबत:
१. बिल क्रमांक एक, स्वहस्ते, सही व खुणेसह. रक्कम: काही नाही.
२. दोन इसमांची नावे.
३. घण. जड असल्याने दाराशी ठेवला आहे.
४. मामांचे डोळ्याला लावायचे भिंग, दुकानातल्या फुटक्या टेबलाखाली सापडलेले. खूण तपासताना त्यांना लागेल. कृपया डाव्या हातात द्यावे.