म्हापशातली तत्त्वाची खोली

१ जून, रविवार, संध्याकाळ
आजपासून मी म्हापशात. स्वतःची खोली, स्वतःचा पगार. घरातली पहिली पदवीधर (बी.ए., इकॉनॉमिक्स) या नात्याने कुणीतरी सुरुवात करायलाच हवी होती.
ऑफिस म्हापशातच. सर्वणहून, म्हणजे घरून, बसने पाऊण तास. त्यामुळे सगळे विचारतात, मग खोली कशाला? त्यांना कसं सांगणार, प्रश्न अंतराचा नाही, तत्त्वाचा आहे.
शिवाय सेजल. दत्तप्रसादकाकांची मुलगी. बारावी झाली, वेर्ण्याला एका फॅक्टरीत नोकरी मिळते आहे. पंधरा सप्टेंबरला हजर व्हायचं. तिला मडगावात राहावं लागेल. काका म्हणतात, पगार खोलीत जाणार आणि पोट आम्ही भरणार, तर नोकरी कसली? मी सगळ्यांसमोर म्हटलं, गणेशचवथीपर्यंत थांबा, घरचा एक दाणा न घेता राहून दाखवते. काका म्हणाले, "बरें. तूं दाखय, मागीर सेजलाचें पळोवया." म्हणजे माझं जमलं तरच तिचं बघणार.
सेजलने माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली.
नियम एकच: घरून काही नाही.

३ जून
घरमालकीण वत्सलाबाई. स्वभावाने चांगल्या. भाड्यात खोली येते. लाइट वेगळी, पाणी वेगळं, गच्चीवर कपडे वाळत घालणं वेगळं. मी विचारलं, उजेड? त्या म्हणाल्या, "दिवसाचो फुकट."
पंखा एकवरच ठेवायचा, दोनवर मीटर धावतो. एकवर तो फिरतोय की नाही ते कळावं म्हणून पात्याला दोरा बांधला आहे.

६ जून, शुक्रवार
शुक्रवारचा बाजार. सगळे म्हणतात, स्वस्त. भाजीवालीने माझी ऑफिसची बॅग बघून हिंदीत भाव सांगितला. मी कोंकणीत उत्तर दिलं. मग तिने तोच भाव कोंकणीत सांगितला.
सेवा, वस्तू आणि महागाई यांवरच्या पेपरात मला सत्तर मार्क होते. भेंडी न घेता परतले. मागणी घटली की किंमत उतरते. वाट बघणार.

९ जून
भेंडीची किंमत उतरलेली नाही. पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, तीन उंडे पाव घेतले. सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक. साधं राहणं किती सोपं असतं!

१३ जून
आईने योगेशच्या बसमधून पिशवी पाठवली. योगेश आमच्याच वाड्यावरचा, डिचोली-म्हापसा बसचा कंडक्टर. ड्रायव्हरच्या मागच्या सीटखाली अर्ध्या तालुक्याचे डबे ठेवून आणतो. आत दोन नारळ.
लगेच फोन केला, आई, नियम आहे. आई म्हणाली, "नाल्ल विकतो घेवपाक आमी मेल्यांत काय गो?"
विचार केला. नारळ झाडाचा. झाड घराबाहेर. घरून आलं असं काटेकोरपणे म्हणता येणार नाही.

२० जून
उकडे तांदूळ आले. शेत तर वहाळापलीकडे, घरापासून आणखी लांब. ठेवून घेतले.

२७ जून
सुक्या बांगड्याचं किसमूर आलं, खोबरं घालून कालवलेलं. बांगडा समुद्राचा.

१३ जुलै, रविवार
गेले तीन आठवडे शुक्रवारी संध्याकाळी घरी जाते, सोमवारी सकाळी परत. खर्च वाचवण्यासाठी नव्हे. माणसाने मुळांशी नातं ठेवावं.
आज सेजलने माडीवर गाठलं. तिच्यासोबत रुजू होणाऱ्या तिघी मुली मडगावात एकत्र खोली बघताहेत, एक कुडाळची, दोघी पेडण्याच्या. चौघींत भाडं, आळीपाळीने स्वयंपाक. तिने विचारलं, "ताई, खरें सांग, पगार पुरता?"
मी म्हटलं, आरामात. फक्त प्लॅनिंग हवं. आणि शेअरिंग म्हणजे तडजोड. एकदा तडजोड केली की स्त्रीचं स्वातंत्र्य चौघींत वाटलं जातं. तूसुद्धा एकटीच राहा.
वाक्य चांगलं जमलं. सेजल जिना उतरून खाली गेली. बहुतेक पटलं.

२२ जुलै
पगार संपला. महिना संपलेला नाही. हा महिन्याचा दोष. एकतीस दिवस कशाला हवेत?

१ ऑगस्ट
नवी शिस्त. सोमवार ते गुरुवार स्वावलंबन, शुक्रवार ते रविवार संशोधन (घरी). आई सोमवारची कडी (भातावरची आमटी) बरोबर देते, बुधवारची आणि शुक्रवार दुपारची योगेश आणतो. कडी परत पाठवली तर वाटेत नासेल. अन्नाची नासाडी मला मान्य नाही.
वत्सलाबाई म्हणाल्या, "तुज्या खोलींत तूं कमी, डबे चड." हसले. गरीब बाई, तिला व्यापक चित्र दिसत नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार
विलक्षण घटना. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत स्टँडवर पिशवी घ्यायला गेले, तर बसमधून योगेश नव्हे, दत्तप्रसादकाका उतरले. बाजाराला आले होते. बस खच्चून भरलेली, सीटखाली पाणी झिरपत होतं, म्हणून योगेशने माझी पिशवी काकांच्या मांडीवर दिली. काकांनी डिचोलीपासून म्हापशापर्यंत कडीचा डबा दोन्ही हातांनी धरून आणला. शर्टावर हळदीचा ठिपकादेखील नाही.
पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाले, "सांडूंक ना."
आणि बाजारात गेले.
काका रागीट माणूस. आज आवाज चढला नाही. अर्थ स्पष्ट आहे, माझ्या कष्टाची त्यांना किंमत कळली.

२६ ऑगस्ट
उद्या चवथ. घरी. गणपतीवरच्या माटोळीला फळं बांधून खांदे दुखताहेत. काकांसमोर मांडायचे मुद्दे काढून ठेवले: नियोजन, निश्चय, निष्कर्ष. सेजलने नवे सँडल घेतले आहेत. म्हणाली, फॅक्टरीत पुढून बंद असलेलेच लागतात.

२८ ऑगस्ट
आरतीनंतर सगळे ओसरीवर. मी मुद्दे मांडले. तीन महिने, एकटी मुलगी, एक पगार, यशस्वी. बाबांनी टाळी वाजवली, एकच.
काकांनी खतखत्याची वाटी संपवली. मग म्हणाले, "जाता. सेजलय रावतलें. पूण मडगांवा आमची बस वचना."
सगळे हसले. आईसुद्धा. मीही हसले, पण मला विनोद उशिरा कळला: योगेशची बस मडगावला जात नाही.
सेजल हसली नाही. आत गेली.

२९ ऑगस्ट
सेजल नेवऱ्या तळत होती. मी म्हटलं, काका मागासलेले आहेत, मी पुन्हा बोलते, आता निष्कर्ष आधी मांडते. तिने झारा खाली ठेवला. म्हणाली, "ताई, हांवें तुका विचारिल्लें, पगार पुरता? तूं म्हणलें, आरामात." मग हळू आवाजात, की तू नाही पुरत म्हणाली असतीस तर मी तेव्हाच पप्पांना चौघींची खोली सांगितली असती. तू एकटीच राहा म्हणालीस, म्हणून ती गोष्ट मी काढलीच नाही. आता पप्पांना वाटतं, पोरगी बाहेर राहिली की मागून कडी पाठवावी लागते. त्या तिघी पाच सप्टेंबरपर्यंत थांबतील, मग चौथी दुसरी कुणी घेणार.
मला तिला व्याख्या समजावून सांगायची होती. नारळाची, शेताची. ती म्हणाली, तेल तापलंय, बाजूला हो.

३१ ऑगस्ट, रविवार
सकाळपासून मुद्दे लिहिले आणि फाडले. प्रत्येक मुद्द्यात कडी येत होती.
दुपारी काका गोठ्याच्या पत्र्याला डांबर लावत होते. खालून म्हटलं, काका, पगारात भागत नाही. काका म्हणाले, "कितें?" मोठ्याने म्हणावं लागलं. एकटीचं भागत नाही. आईने जगवलं.
शेजारच्या शांताकाकूने कुंपणापलीकडून मान वर केली.
काका शिडीवरून उतरले. विचारलं, चौघींत भागतं? मी म्हटलं, भाडं चौथा हिस्सा, गॅस चौथा हिस्सा, पाणी-लाइट चौथा हिस्सा. भागतं. तीन महिन्यांत मी पहिल्यांदा इकॉनॉमिक्स वापरलं.
काका म्हणाले, "हें जून म्हयन्यांत कोणाक उलोवपाक जाता आसलें." आलं असतं बोलता.
मग हात पुसून सेजलला हाक मारली. उद्याच मडगावला जाऊन खोली बघूया म्हणाले.

१४ सप्टेंबर, रविवार
सेजल गेली. काका सोडायला गेले. निघताना मी म्हटलं, काही अडलं तर फोन कर. ती म्हणाली, करीन. मग म्हणाली, "पयलीं तांकां विचारतलें," म्हणजे त्या तिघींना. हसून म्हणाली, म्हणून मीही हसले.
वत्सलाबाईंना खोली सोडते म्हणून सांगितलं. उद्यापासून मी सर्वणहून ये-जा करणार.
संध्याकाळी काका मडगावहून परतले. चहा घेता घेता म्हणाले, "मागीर तूं एकलें कित्याक रावलें गो?"
म्हटलं, अनुभवासाठी.
काका म्हणाले, "तो बसीच्या तिकिटांत मेळटालो."